अंतराळातला रोजा आणि अंतराळातली दुरुस्ती

संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नेयादी मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहायला गेले. तिथे रोजे कसे ठेवणार, हा प्रश्न त्यांना उड्डाणाआधीच विचारला गेला. मुसाफिरावर रोजा सक्तीचा नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. विषय तिथेच संपायला हवा होता.

मला २८ एप्रिलचा दिवस जास्त मोलाचा वाटतो. त्या दिवशी ते स्टीफन बोवेन यांच्यासोबत स्थानकाबाहेर पडले. अंतराळात असे बाहेर पडून काम करणारे ते पहिले अरब. पण काम होते देखभालीचे. नव्या सौर पॅनेलसाठी त्यांनी केबल टाकल्या. संपर्क यंत्रणेचा एक भाग काढून आणायचा होता. तो निघालाच नाही. सुमारे सात तास असे गेले. जूनमध्ये पॅनेल बसवली ती बोवेन आणि वॉरेन होबर्ग यांनी. नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकात सतत माणसे राहत आहेत, ती अशाच कामांच्या जोरावर.

आपल्याकडे मशीद, शाळा, वाचनालय बांधायला चंदा जमतो, कोनशिलेवर नावे लागतात. पुढे छप्पर गळू लागले की पावती फाडायला कोणी येत नाही. सदका-ए-जारिया म्हणजे चालत राहणारे पुण्य. वास्तूच बंद पडली तर ते चालणार कसे?

‘पहिला मुसलमान’ कोण, याचा अभिमान जरूर बाळगा. पण जमातीच्या पुढच्या बैठकीत दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम ठेवण्याचा ठरावही मांडा.