पीएच.डी. नंतरचा उमेदवारीचा काळ

गुजरीत किंवा लक्ष्मीपुरीत पेढी असलेल्या घरातील मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. होते, तेव्हा घरात पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी मात्र सूर बदलतो : ‘अजून कायमची नोकरी नाही?’ या एका प्रश्नाने अनेक होतकरू संशोधक अर्ध्या वाटेवरून परततात. म्हणून ‘पोस्ट-डॉक’ म्हणजे काय, हे कुटुंबाने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

व्यापारी घराला ही व्यवस्था परकी वाटू नये. स्वतःचे दुकान थाटण्यापूर्वी दुसऱ्या पेढीवर दोन-तीन वर्षे उमेदवारी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पोस्ट-डॉक ही विज्ञानातील तशीच उमेदवारी होय. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत मुलाखतीपूर्वीच्या छाननीत अध्यापन वा पोस्ट-डॉक अनुभवाच्या प्रत्येक वर्षास 2 गुण, कमाल 10 गुण ठेवलेले आहेत. ही वर्षे वाया जात नाहीत, जमेस धरली जातात.

कोल्हापूरला याचा वस्तुपाठ घरातच आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागाने थिन फिल्म संशोधनात नाव मिळविले. तेथील प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी स्वतः जर्मनीची हुम्बोल्ट पाठ्यवृत्ती मिळवून संशोधन केले होते. पुढे या विद्यापीठातील कितीतरी पीएच.डी.धारक दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांत पोस्ट-डॉक म्हणून गेले. आधी गेलेल्याच्या कामाची पत हीच मागून येणाऱ्याची शिफारस ठरली.

जागा मिळते ती दोन मार्गांनी. पहिला, प्राध्यापकाच्या मंजूर प्रकल्पातील ‘रिसर्च असोसिएट’पद, याची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत अनेकदा अल्प असते. जून 2023 च्या केंद्रीय आदेशानुसार याचे मासिक मानधन श्रेणीनुसार 58,000, 61,000 व 67,000 रुपये असून घरभाडे भत्ता वेगळा. दुसरा, स्वतःच्या नावावर मिळणारी पाठ्यवृत्ती. तिच्यासाठी आधी यजमान प्राध्यापकाची संमती लागते. वय किंवा पीएच.डी. नंतरची वर्षे यांवरही मर्यादा असते. त्यामुळे प्रबंध सादर होण्यापूर्वीच पत्रव्यवहार सुरू करणे शहाणपणाचे. एकच मजकूर शंभर प्राध्यापकांना पाठविण्यापेक्षा दहा जणांचे शोधनिबंध वाचून, आपले काम त्यांच्या कामास कोठे जोडले जाते हे सांगणारे नेमके पत्र अधिक फलदायी ठरते. पैसे घेऊन जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला मात्र दारातूनच परत पाठवावे.

हिशेबाची बाजूही स्वच्छ असावी. ही नेमणूक मुदतीची असते. प्रकल्पाचा निधी उशिरा आला की मानधनही रखडते. म्हणून किमान सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद आधी करावी आणि आरोग्यविमा स्वतंत्र घ्यावा. परदेशी जाताना विमान-भाडे, व्हिसा आणि पहिल्या महिन्याची घराची अनामत यांसाठी वेगळी रक्कम लागते. शिवाय घराने एक मुदत ठरवावी : तीन किंवा चार वर्षे. त्यानंतर उद्योगातील संशोधन विभाग, अध्यापन वा स्वतःचा व्यवसाय यांचा मोकळ्या मनाने विचार व्हावा. मुलासाठी जी मुदत, तीच मुलीसाठीही असावी. लग्नाचे कारण पुढे करून तिची वही मध्येच मिटू नये.

नव्या दुकानाला जम बसेपर्यंत घर तीन वर्षे कळ काढते. प्रयोगशाळेलाही तेवढीच सवड द्यावी.