मोडक्या सायकलीची किंमत

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी सायकलीवरून शाळेंत येऊं लागला. सायकलीचा सांगाडा काळा, पुढचें मडगार्ड हिरवें, मागचें चाक तिसऱ्याच कोणत्या तरी सायकलीचें, आणि कॅरिअर तारेनें बांधलेला. त्याच्या वडिलांनीं भंगारवाल्याकडून दोन मोडक्या सायकली वजनावर विकत घेतल्या होत्या. घरची एक मोडकी त्यांत मिळवून बापलेकांनीं तिहींची मिळून ही एक उभी केली होती. वर्गांतील मुलांनीं तिचें नांव 'भेळ' असें ठेविलें. आठ दिवसांनीं ती सायकल दिसेनाशी झाली. मुलगा पायीं येऊं लागला आणि त्याची पहिली घंटा चुकूं लागली. मीं कारण विचारलें, तेव्हां तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, सायकल चांगली चालते, पण सगळे हंसतात. बाबा म्हणाले, पैसे सांठले कीं नवी घेऊं."

हंसणाऱ्या मुलांचा मला फारसा राग आला नाहीं. त्या वयांत मुलें हंसावयाचींच. परंतु चांगली चालणारी सायकल घरीं उभी ठेवून मुलगा डोंगराकडच्या वाडीवरून पायीं येतो, आणि त्यांत आपणां वडील माणसांस कांहीं वावगें वाटत नाहीं, ही गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं आणि त्यांहून अधिक त्यांच्या पालकांसाठीं या अंकांत चार शब्द लिहीत आहें. माझें म्हणणें एवढेंच कीं, जुनी सायकल स्वस्तांत घेऊन तिचे धड भाग काढणें, आणि त्यांतून चालती सायकल उभी करणें, हें दारिद्र्याचें नव्हे तर शहाणपणाचें लक्षण आहे. मात्र तें काम डोळसपणें झालें पाहिजे.

आपल्या भागांत सायकल ही चैनीची वस्तु नाहीं. चौक हें गांव जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर वसलेलें आहे. द्रुतगती मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. पण त्यावर सायकलीस मज्जाव असल्यामुळें आपला रस्ता तोच जुना. आसपासच्या वाड्यांवरून मुख्य रस्त्यापर्यंत वेळेवर वाहन मिळेलच अशी खात्री नसते. शाळा दूर असली म्हणजे काय होतें, हें बिहारच्या उदाहरणावरून दिसतें. त्या राज्यानें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. पुढें अभ्यासकांनीं तिचा परिणाम तपासला, तेव्हां माध्यमिक शाळेंत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढल्याचें आढळलें. आणि ही वाढ मुख्यत्वें शाळेपासून दूर असलेल्या गांवांत झाली होती. सायकल आहे कीं नाहीं यावर शिक्षण अडतें, तेथें ती नवी आहे कीं जुनी, एकरंगी आहे कीं तिरंगी, हा प्रश्न अगदींच गौण होय.

आतां जुन्या सायकलीचे भाग एकमेकींना बसतात तरी कसे, हें पाहूं. आपण जिला साधी काळी सायकल म्हणतों, तिचा नमुना इंग्लंडांत ठरला, आणि आपल्या देशांतील कारखान्यांनीं तोच पुढें चालविला. टायर २८ बाय दीड इंची. चेनीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०. पुढच्या हबांत बहुधा ३/१६ इंची छर्रे, आणि मागच्या हबांत व पायडलांच्या मधल्या आंसावर पाव इंची. कारखाना कोणताहि असो, हीं मापें फारशीं बदललीं नाहींत. ॲटलास कंपनीचेंच उदाहरण घ्या. १९५१ सालीं सोनीपत येथें सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीं, बंद झाला. पण म्हणून रस्त्यावरच्या ॲटलास सायकली थांबल्या नाहींत. दुसऱ्या सायकलीचे हब, चेन व छर्रे त्यांना बसतात, म्हणून त्या चालत राहिल्या.

या नियमाला अपवादहि आहेत, आणि अपवाद ठाऊक नसलेला मनुष्य दोन सायकलींची एक करण्याऐवजीं दोन्ही बिघडवून ठेवतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनें आपल्या सायकलींच्या कांहीं भागांना इंचास २६ आटे ठेविले, तर इतर बहुतेक कारखान्यांनीं २४. डोळ्यांना हे दोन्ही सारखेच दिसतात. परंतु पान्याच्या जोरावर एक दुसऱ्यांत घुसविला, तर दोन्हींचे आटे जातात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात; तें काढतांना नेहमींच्या उलट फिरवावें लागतें, हें न जाणणारा मनुष्य तें सोडविण्याऐवजीं अधिकच आवळीत बसतो. अलीकडच्या गिअरच्या सायकलींची चेन अधिक अरुंद असते, आणि त्यांचे बहुतेक भाग काळ्या सायकलीस उपयोगी पडत नाहींत. तेव्हां स्वस्त मिळाली म्हणून वाटेल ती सायकल उचलूं नये. आपल्या घरच्या सायकलीच्या जातीची असेल तीच घ्यावी.

निवड करतांना आपल्या हवेचा विचार अवश्य करावा. देशावरील कोरड्या हवेंत दहा वर्षें उभी राहिलेली सायकल आणि आपल्या कोंकणांत चार पावसाळे अंगणांत भिजलेली सायकल, यांत महदंतर आहे. पाणी सीटखालच्या नळींतून उतरतें आणि तळाशीं, पायडलांच्या मधल्या आंसापाशीं सांठतें. म्हणून बाहेरून रंग चकचकीत दिसला तरी तेथें आंतून गंज चढलेला असूं शकतो. अलिबाग-उरणकडील सायकल असेल तर खाऱ्या वाऱ्याचा परिणामहि धरावा. सायकल उचलून चाक फिरवून पाहावें. हबांतून खरखर आली तर छर्रे किंवा कोन गेलेले आहेत असें समजावें. छर्रे स्वस्त असतात, ते बदलतां येतात; पण कपाला खड्डे पडले असतील तर तो हब सोडून द्यावा. चेन ताणून धरून २४ कड्यांना पट्टी लावावी. बरोबर १२ इंच भरले तर चेन चांगली. त्याहून एक अष्टमांश इंच अधिक भरलें तर ती झिजली. अशी चेन नव्या फ्रीव्हीलवर चढविली, तर त्याचेहि दांते ती लवकरच खाऊन टाकते.

कांहीं वस्तु मात्र जुन्या कधींहि वापरूं नयेत. ब्रेकचे रबर आणि कॉटर पिना नव्याच घ्याव्या. वांकून सरळ केलेला पुढचा चिमटा, तडा गेलेलें हॅन्डल, आणि बाजूंना भेगा पडलेलें टायर हीं फुकट मिळालीं तरी नकोत. आपल्या जुन्या रस्त्यावर ट्रक आणि मोटारी भरधांव जातात; तेथें चिमटा तुटला तर वांचविलेल्या पैशाचा हिशेब करण्यास कोणी उरणार नाहीं. याच्या उलट हब, चेनचाक, क्रँक, कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, सीटची स्प्रिंग, चेनकव्हर हे भाग चांगले असले तर वर्षानुवर्षें टिकतात. हेच भाग काढून, रॉकेलनें किंवा डिझेलनें धुऊन, ग्रीस लावून कोरड्या जागीं ठेवावे.

यावर पालक तीन आक्षेप घेतात. त्यांस उत्तर देणें माझें कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा कीं, ही काटकसर खोटी आहे. दोन मोडक्या घ्या, वर नवे सुटे भाग घ्या, मिस्त्रीला पैसे द्या, त्यापेक्षां नवी बरी. हा आक्षेप अगदींच चुकीचा नाहीं. कित्येक घरांच्या मागें तीन-तीन सांगाडे गंजत पडलेले मीं पाहिले आहेत, आणि त्यांतून एकहि चाक फिरलेलें नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं कागदावर हिशेब मांडावा : जुन्या सायकलीचें मोल, लागणारे नवे भाग, मिस्त्रीची मजुरी. ही बेरीज नव्या सायकलीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर तो व्यवहार आंतबट्ट्याचा समजून सोडून द्यावा. साध्या सायकलीचें वजन वीस किलोंच्या आसपास असतें, आणि भंगारांत ती लोखंडाच्या भावानें जाते. तराजूला गंजलेला चिमटा आणि निर्दोष हब हीं सारखींच; त्यांतील भेद ज्याला ओळखतां येतो, त्यालाच या व्यवहारांत लाभ आहे. ज्याला येत नाहीं, त्यानें ओळखणाऱ्यास बरोबर न्यावें.

दुसरा आक्षेप चोरीच्या मालाचा. हा सर्वांत गंभीर आहे, आणि तो कोणी बोलून दाखविला नाहीं तरी ध्यानांत ठेवावा. एखादी बरी सायकल फार स्वस्त मिळत असेल, तर ती कां स्वस्त आहे हें आधीं विचारावें. विकणाऱ्याचें नांव-पत्ता आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक लिहून पावती घ्यावी. पावती देण्यास जो कचरतो त्याच्याकडून घेऊं नये. माल चोरीचा आहे हें ठाऊक असतां, किंवा तसें मानण्यास कारण असतां, तो घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. पण कायद्याचें राहूं द्या. दुसऱ्याच्या मुलाची शाळा बुडवून आपल्या मुलाला शाळेंत पाठविणें कोणत्या आईबापांस रुचेल?

तिसरा आक्षेप लाजेचा. तोच आमच्या त्या विद्यार्थ्याला नडला. लोक काय म्हणतील, या भीतीनें आपण कर्ज काढून नवें घेतों, आणि घरांतील धड वस्तु टाकून देतों. अशा पालकांनीं बेळगांवची एक गोष्ट आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत एका सायकलीच्या दुकानानें झाला. सायकली विकणें, दुरुस्त करणें, यांतूनच यंत्राची ओळख वाढत गेली. पुढें १९०३ सालीं त्यांचा लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंत डेटन येथील राइट बंधु हेहि सायकलीचेच दुकानदार. १९०१ सालीं विमानाच्या पंखांची परीक्षा करण्यासाठीं त्यांनीं जी मोजणीची साधनें बनविलीं, तीं करवतीच्या जुन्या पात्यांचीं आणि सायकलीच्या स्पोकांच्या तारेचीं होतीं. आणि १९०३ सालीं त्यांचें विमान उडालें, तेव्हां त्याचे पंखे फिरविण्यास चेन आणि दांत्यांचीं चाकेंच होतीं. प्रत्येक सायकल खोलणारा मुलगा किर्लोस्कर होईल असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्यानें हब खोलून छर्रे मोजले, कोन किती आवळावा हें बोटांनीं ओळखलें, आणि चाकाचा आऊट काढला, त्याला विज्ञानाच्या पुस्तकांतील घर्षण व तरफ हे धडे पाठ करावे लागत नाहींत.

येथें एक पथ्य सांगितलें पाहिजे. भाग काढण्याच्या उत्साहांत चालण्याजोगी सायकल मोडूं नये. थोड्याशा तेलपाण्यानें, ज्याला आपण ओव्हरऑयलिंग म्हणतों त्यानें, जी उभी राहील, ती तशीच उभी करावी. पुण्यांत कर्वेनगर येथें विक्रम पेंडसे यांचें सायकल संग्रहालय आहे; तेथें जुन्या सायकली निगुतीनें सांभाळून ठेविल्या आहेत. सहलीला पुण्यास जाल तेव्हां तें अवश्य पाहा, म्हणजे जुनी वस्तु जपली तर काय होतें हें दिसेल. आधीं दुरुस्तीचा विचार करावा, आणि सांगाडाच गेला असेल तरच भाग काढावे.

शेवटीं एक सूचना. पनवेल-नवी मुंबईकडील मोठमोठ्या इमारतींच्या तळमजल्यावर मुलांनीं वाढून सोडलेल्या कितीतरी सायकली धूळ खात पडलेल्या असतात. ज्या पालकांचे आप्त तिकडे आहेत, त्यांनीं त्या विचारून, रीतसर परवानगीनें आणाव्या. आपल्या शाळेंत सुट्या भागांची एक पेटी ठेवावी. एका कप्प्यांत छर्रे, एकांत नटबोल्ट, एकांत स्पोक, आणि भिंतीवर हब व चेनचाकें टांगलेलीं. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं शनिवारीं दुपारीं एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं तेथें काम करावें. मुलींना यांतून वगळूं नये. चेन उतरली कीं वाटेंत कोणाची तरी वाट पाहत उभें राहण्याची पाळी त्यांच्यावरच अधिक येते.

तो विद्यार्थी अद्याप पायींच येतो. परवां मीं त्याला म्हटलें, "अरे, तुझी ती सायकल एकदां शाळेंत घेऊन ये. मागचें चाक तूं कसें बसविलेंस, तें मुलांना दाखव." तो कांहीं बोलला नाहीं, पण थोड्या वेळानें परत आला आणि म्हणाला, "सर, मागचा हब बाबांनीं नाहीं, मीं बसविला आहे." सोमवारीं ती सायकल घेऊन येण्याचें त्यानें कबूल केलें आहे. त्या दिवशीं वर्गांतील मुलांनीं हंसण्यापूर्वीं तिचें चाक उचलून एकदां फिरवून पाहावें, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.