उत्तर आले, उपपत्तीचे काय?

बारावीचा आणि त्यापाठोपाठ सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की घराघरांतून गुणांची आणि पर्सेंटाइलची चर्चा सुरू होते. पेढे वाटले जातात, क्लासच्या फलकांवर छायाचित्रे झळकतात. यश मिळविणाऱ्या मुलांचे कौतुक व्हावयासच हवे. त्यामागे दोन वर्षांचे कष्ट असतात. परंतु याच मुलांपैकी अनेकांना काही महिन्यांतच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा ‘एम-वन’ हा गणिताचा विषय अडवतो. बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळविणारा मुलगा अचानक मागे कसा पडला, असा प्रश्न मग पालकांना पडतो. वस्तुतः मुलगा मागे पडलेला नसतो. त्याची ज्या गोष्टीत परीक्षा घेतली गेली, ती गोष्ट आणि गणित यांच्यामध्ये अंतर होते. ते आता उघडे पडलेले असते.

हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते अवकलन आणि समाकलन, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॅल्क्युलस म्हणतो, त्या भागात. आपल्या राज्याच्या बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या पुस्तकाचा मोठा हिस्सा याच विषयाने व्यापलेला आहे. अवकलन म्हणजे बदलाचा त्या क्षणीचा वेग शोधणे. समाकलन म्हणजे क्षणोक्षणीच्या सूक्ष्म बदलांची बेरीज करून एकूण परिणाम काढणे. कल्पना दोनच, पण ग्रहांची गती, पुलावरचा भार, औषधाचे रक्तातील प्रमाण, पैशाची वाढ, हे सारे त्यांच्या कक्षेत येते. अशा विषयाची परीक्षा आपण कशी घेतो, हा केवळ शिक्षकांपुरता प्रश्न नव्हे.

गती तपासली, मती राहिली

सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. समाकलनाच्या प्रश्नाखाली चार पर्याय दिले की हुशार विद्यार्थी समाकलन करीतच नाही. तो पर्यायांचे अवकलन करून पाहतो, किंवा सोयीची किंमत घालून तीन पर्याय बाद करतो. त्याला दोष कसा द्यावा? परीक्षेने जे मागितले, तेच त्याने दिले. पूर्वी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत उत्तर पायरीपायरीने लिहून दाखवावे लागे. २००६ पासून तीही वस्तुनिष्ठ झाली. मंडळाच्या परीक्षेत पायऱ्या लिहाव्या लागतात हे खरे. परंतु कोणत्या साच्याचे गणित कोणत्या प्रश्नात येणार हे ठरून गेले की पायऱ्यासुद्धा पाठच होतात.

आता एक साधा प्रश्न घ्या. क्षच्या वर्गाने एकाला भागले असता येणाऱ्या फलनाचे उणे एक ते अधिक एक या मर्यादांमध्ये समाकलन किती? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी दोन ओळींत ‘उणे दोन’ असे उत्तर लिहील. परंतु हे फलन सर्वत्र धन आहे. त्याचा आलेख कोठेही अक्षाच्या खाली जात नाही. मग त्याखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल? शून्यापाशी हे फलन अनंताकडे झेपावते. तेथे ते नेहमीचे सूत्र लागूच पडत नाही, आणि क्षेत्रफळ मर्यादित राहत नाही. उत्तर लिहून झाल्यावर ‘हे असे कसे?’ म्हणून जो थांबतो, त्याला समाकलन समजले आहे.

दुसरा प्रश्न याहून गमतीचा आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे त्रिज्येच्या सापेक्ष अवकलन केले की बरोबर परीघ मिळतो. कारण उघड आहे: त्रिज्या किंचित वाढली की वर्तुळाभोवती एक बारीक कडे वाढते, आणि त्या कड्याची लांबी म्हणजेच परीघ. मग चौरसाच्या क्षेत्रफळाचे बाजूच्या सापेक्ष अवकलन केले असता परिमिती का मिळत नाही? परिमिती बाजूच्या चौपट, आणि अवकलज मात्र दुप्पट येतो. विचार करणाऱ्या मुलाच्या ध्यानी येते की एक कोपरा स्थिर ठेवून बाजू वाढवली तर चौरस दोनच अंगांनी वाढतो, म्हणून दोनच पट्ट्या मिळतात. वर्तुळाप्रमाणे मध्यापासून मोजमाप केले, म्हणजे केंद्रापासून बाजूपर्यंतचे अंतर धरले, तर क्षेत्रफळ त्या अंतराच्या वर्गाच्या चौपट होते, त्याचा अवकलज अंतराच्या आठपट येतो, आणि तीच परिमिती! या प्रश्नाला आकडेमोड जवळजवळ लागत नाही. लागते ती समज.

धरणाचे गणित

तिसरे उदाहरण आपल्या रोजच्या वर्तमानपत्रातले आहे. पावसाळ्यात कोयना, जायकवाडी, उजनी यांच्या बातम्यांत आवक आणि विसर्ग क्युसेकमध्ये, तर साठा टीएमसीमध्ये दिलेला असतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा झाला. वेगाचे समाकलन म्हणजे साठा. सुमारे ११,५७४ क्युसेकची निव्वळ आवक अखंड चोवीस तास चालली की धरणात एक टीएमसी पाणी जमा होते.

समजा, एका धरणात सकाळी सहा वाजता आवक ४० हजार क्युसेक आहे आणि ती सारख्या प्रमाणात घटत सायंकाळी सहा वाजता १० हजारांवर येते. दरवाजांतून दिवसभर २० हजार क्युसेक विसर्ग चालू आहे. धरणात सर्वाधिक पाणी केव्हा असेल? अनेक मुले पटकन ‘सकाळी सहा वाजता’ म्हणतात, कारण आवक त्या वेळी सर्वाधिक आहे. काही म्हणतात, आवक घटते आहे म्हणजे पाणीही घटते आहे. दोन्ही उत्तरे चूक. आवक विसर्गापेक्षा अधिक आहे तोवर पाणी चढतच राहणार. तासाला अडीच हजारांनी घटणारी आवक दुपारी दोन वाजता २० हजारांवर येते. त्या क्षणी साठा वाढण्याचा वेग शून्य होतो, आणि तोच कमाल साठ्याचा क्षण. त्या आठ तासांत निव्वळ आवक सरासरी १० हजार क्युसेक, म्हणजे सुमारे ०.२९ टीएमसी पाणी वाढले. कमाल मूल्याच्या ठिकाणी अवकलज शून्य होतो, हे वाक्य पुस्तकातून घोकणाऱ्या मुलाला ते धरणाच्या भिंतीवर ओळखता येत नसेल, तर त्याने काय मिळवले?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने महापुराचे जे भीषण रूप पाहिले, ते आपण विसरलेलो नाही. पाऊस ओसरला तरी पाणी का चढते, विसर्ग केव्हा वाढवावा, नदीकाठच्या वस्तीने केव्हा हलावे, हे प्रश्न त्या दिवसांत लाखो लोकांच्या जिवाशी निगडित होते. उद्या हे निर्णय आजच्या बारावीतील मुलांपैकीच कोणी घेणार आहेत.

भास्कराचार्यांची कसोटी

या विषयाचा उल्लेख निघाला की आपण अभिमानाने भास्कराचार्यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी ग्रहाची दिवसभराची स्थूल गती आणि त्या क्षणीची तात्कालिक गती यांत स्पष्ट भेद केला आहे. चंद्राची गती झपाट्याने बदलत असल्याने तिथीच्या सूक्ष्म गणितासाठी तात्कालिक गती आवश्यक ठरते, हे त्यांनी ओळखले होते. मूळचे महाराष्ट्रातले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भास्कराचार्यांच्या या ज्ञानाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. दक्षिणेत चौदाव्या-पंधराव्या शतकांत संगमग्रामच्या माधवाने आणि त्याच्या शिष्यपरंपरेने ज्या, कोटिज्या आणि परीघ-व्यासाचे गुणोत्तर यांच्या अनंत श्रेणी सिद्ध केल्या. अवकलन आणि समाकलन या परस्परांच्या उलट क्रिया आहेत हे सूत्र हाती घेऊन सर्वसामान्य पद्धती उभारण्याचे श्रेय सतराव्या शतकातील न्यूटन आणि लायब्निट्स यांचे आहे. ते मान्य केल्याने आपल्या पूर्वजांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

परंतु अभिमानाबरोबर एक जबाबदारीही येते. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात म्हटले आहे की उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही, आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. परीक्षेचे हे दोन निकष आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत: इतरांना पटवून देता येते का, आणि स्वतःला पटले आहे का? कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, ती याच उपपत्ती देण्यासाठी. केरळात सुमारे १५३० मध्ये ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ लिहिली. तिच्या नावातच युक्ती आहे, आणि ती संस्कृतात न लिहिता मल्याळममध्ये लिहिली गेली. समजावून सांगायचे तर ते लोकांच्या भाषेत, हा विवेक त्यामागे होता. अशा परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांनी चार पर्यायांतून एक गोल काळा करण्यातच समाधान मानावे काय?

आक्षेप आणि त्यांचा विचार

यावर काही रास्त आक्षेप आहेत. सरावावाचून गणित येत नाही, असे जुने शिक्षक सांगतात, आणि ते खरेच आहे. पाढे पाठ असलेल्या मुलाचे मन मोठ्या विचारासाठी मोकळे राहते. त्याचप्रमाणे अवकलनाचे नियम जिभेवर असलेच पाहिजेत. पाठांतर हा आपल्या परंपरेचा दोष नव्हे. पूर्वी सूत्र पाठ केले जाई आणि मग गुरू त्याची उकल करीत. आज सूत्र राहिले, उकल गेली, हे दुखणे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लाखो उत्तरपत्रिका तपासताना ‘समज’ मोजायची कशी? प्रत्येक परीक्षकाचे माप निराळे पडेल आणि अन्याय होईल. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर मार्गही आहेत. अमेरिकेत १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गती यांविषयी बहुपर्यायी प्रश्नांची एक कसोटी तयार केली. तीत आकडेमोड नव्हती. रोजच्या भाषेतले प्रश्न होते, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतून निवडलेले होते. परीक्षेत उत्तम गुण मिळविणारी मुलेही तेथे अडखळली. याच धर्तीवर जेरोम एपस्टीन यांनी कॅल्क्युलससाठी बावीस प्रश्नांची कसोटी रचली. तिचा वृत्तान्त २०१३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये प्रसिद्ध झाला. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस तीच कसोटी घेऊन समज किती वाढली हे त्यांनी मोजले. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांपेक्षा, मुलांना बोलते आणि विचार करते करणाऱ्या वर्गांत ही वाढ अधिक दिसली. तात्पर्य, दोष बहुपर्यायी स्वरूपाचा नसून प्रश्नांच्या आशयाचा आहे.

तिसरा आक्षेप असा की, प्रश्न बदलले तर क्लासवाले तेही घोटून घेतील. घेऊ देत की! वर्तुळाचे कडे आणि धरणाची आवक घोटून घ्यायची तर ती समजावूनच सांगावी लागेल.

काय करता येईल?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मंडळाच्या परीक्षांनी पाठांतरापेक्षा मूलभूत क्षमता तपासाव्यात असे म्हटले आहे. केंद्रीय मंडळाने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीसाठी क्षमताधारित प्रश्नांचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले. आपल्या राज्यातही आरंभ अवघड नाही. बारावीच्या गणितात ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर वीस गुणांचे प्रात्यक्षिक आहे. ते वही पूर्ण करण्यापुरते न ठेवता त्यात विद्यार्थ्यासमोर एक आलेख ठेवावा आणि पाच मिनिटे तोंडी विचारावे: येथे वेग किती, कोठे वाढतो आहे, या भागाच्या क्षेत्रफळाचा अर्थ काय? लेखी परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात चुकीचे सोडविलेले उदाहरण देऊन चूक कोठे आहे ते मराठीत वा इंग्रजीत चार ओळींत लिहावयास सांगितले जाईल. प्रवेश परीक्षेतही काही पर्याय गैरसमजांतून निवडता येतील.

शासनाची वाट न पाहता आपणही काही करू शकतो. गावोगावी अनेक अभ्यासिका चालतात. तेथे निवृत्त अभियंते आणि शिक्षक आठवड्यातून एक तास देऊ शकतात. वर्तमानपत्रातील धरणाचे आकडे फळ्यावर लिहून चर्चा घडवावयाला कोणतेही अनुदान लागत नाही. आणि घरी, गणित न येणाऱ्या आईवडिलांनाही एक गोष्ट सहज जमते. मुलाला ‘किती गुण मिळाले?’ हे विचारून झाल्यावर, ‘हे उत्तर असेच का आले, मला समजावून सांग’ एवढे म्हणावे. मुलगा सांगताना अडखळला तर रागावू नये. अडखळण्याच्या जागीच त्याचा खरा अभ्यास सुरू होतो.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याला दिलेल्या दानाचा इ.स. १२०७ चा शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. आजोबांचे नाव राखायचे तर त्यांचे ग्रंथ समजणारी माणसे तयार झाली पाहिजेत, हे त्या नातवाला उमगले होते. आपल्याला ते उमगेल, तेव्हा पेढ्यांचा गोडवा पहिल्या सत्रानंतरही टिकेल.