जुने इंजिन, नवे कर्ज

यांत्रिक नौकांवरील मासेमारीबंदी दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. हा काळ संपत आला आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या किनाऱ्यावर एक वेगळाच बाजार सुरू होतो. कुणाचे तरी जुने आउटबोर्ड इंजिन विकावयाचे असते आणि कुणाला तरी ते हवे असते. शापोऱ्यापासून तळपणपर्यंत हा व्यवहार माडाच्या सावलीत, दोन पंचांसमक्ष, तोंडी होतो. पावती नसते, हमी नसते. पंधरा दिवसांनी इंजिन भर समुद्रात बंद पडले की पंचही नसतात. प्रश्न छोट्या माणसाचा आहे, म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आम्हांला तो छोटा वाटत नाही.

रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध जो लढा दिला, त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. परंतु कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा राखून ठेवला म्हणून मासळी तेथे येऊन थांबत नाही. वल्ह्याच्या होडीने जेथवर जाता येते तेथे आता पुरेसे मिळत नाही. खारव्याला आणि गाबिताला होडीमागे इंजिन लावणे भाग पडले. नवे इंजिन घ्यावयाचे तर ऐपत नाही, अनुदानाची वाट पाहावी तर हंगाम थांबत नाही. म्हणून तो जुन्याकडे वळतो. त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. जुन्या इंजिनांचा बाजार नसता तर कित्येक होड्या आज वाळूतच पडून राहिल्या असत्या, हेही मान्य केले पाहिजे. आणि प्रत्येक विकणारा लबाड असतो असेही नाही.

पण दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. खारे पाणी हा या यंत्राचा शत्रू. हे इंजिन समुद्राचेच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. रोज गोड्या पाण्याने धुतले नाही तर आतील वाटा क्षाराने बुजतात. बाहेरून नवा रंग मारला की हे काही दिसत नाही. विकणारा ते आधीच तापवून ठेवतो, म्हणून पहिल्याच दोरीला ते सुरू होते आणि घेणारा भुलतो. पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे घरघरले म्हणून इंजिन चांगले ठरत नाही. खरी परीक्षा होडीला लावून, माणसे व जाळे भरून, अर्धा तास पूर्ण वेगाने चालविल्यावरच होते.

जाणत्या मेकॅनिकला विचारले तर तो चार गोष्टी प्रथम सांगेल. सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहा. ते थंडच असले पाहिजे. चालू असताना मागील छिद्रातून पाण्याची बारीक धार अखंड पडते की नाही ते पाहा. ती क्षीण असेल तर पंपातील रबरी चाक झिजले आहे किंवा वाट बुजली आहे. खालच्या गिअरपेटीतील तेल थोडे काढून पाहा. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. सिलिंडरांतील दाब मोजून घ्या. दोहोंत मोठा फरक असेल तर सौदा तेथेच थांबवा. पाचवी गोष्ट आम्ही सांगतो: इंजिनावरील क्रमांक खरवडलेला असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. चोरीच्या मालाने मालकी मिळत नाही.

व्यवहारात कायदा अगदीच पांगळा आहे असे नाही. १९३० चा मालविक्री कायदा दोष पारखण्याची जबाबदारी साधारणपणे घेणाऱ्यावर टाकतो, हे खरे. परंतु १८७२ च्या करार कायद्यात वस्तुस्थिती जाणूनबुजून दडविणे ही फसवणूक मानली आहे. नुसते गप्प राहणे मात्र सहसा तशी ठरत नाही. म्हणून प्रश्न विचारलाच पाहिजे आणि उत्तर कागदावर घेतलेच पाहिजे: ‘हे इंजिन कधी समुद्रात बुडाले होते काय?’ या एका ओळीवर विकणाऱ्याची सही असली तर पुढचे कितीतरी तंटे टळतील. व्यापाऱ्याकडून खरेदी केली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे दारही उघडे आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही.

तथापि ज्याची होडी बंद आहे त्याला कोर्टाच्या पायऱ्या दाखविणे ही क्रूर चेष्टा होईल. उपाय आधी हवा. आमची सूचना अशी की मत्स्योद्योग खात्याने बंदीच्या काळात मालीम, शापोरा, कुटबण, तळपण अशा ठिकाणी इंजिन तपासणीची शिबिरे भरवावीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक व विद्यार्थी यांना त्यात घ्यावे. मुलांना हाताला काम मिळेल आणि मच्छीमाराला तपासणीचा लेखी दाखला. मच्छीमार सहकारी संस्थांनी विक्रीचा छापील नमुना ठेवावा आणि किमतीचा काही भाग पंधरा दिवस आपल्याकडे अनामत ठेवून मगच विकणाऱ्यास द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

कारण येथे नुकसान केवळ पैशांचे नसते. जुन्या इंजिनासाठी काढलेले कर्ज बहुधा घरातल्या बाईच्या दागिन्यांवर काढलेले असते आणि ते फेडण्यासाठी तीच डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसते. त्याहून मोठी गोष्ट ही की मांडवीच्या किंवा शापोऱ्याच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना इंजिन बंद पडले तर होडी आडवी होण्यास क्षण पुरतो. इंजिन कितीही भरवशाचे असो, वल्हे आणि नांगर होडीत असलेच पाहिजेत, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे आजही जुने झालेले नाही.

पौर्णिमेला आपण सागराला नारळ अर्पण करतो आणि तो शांत राहो अशी प्रार्थना करतो. ती अवश्य करावी. पण गिअरपेटीतले तेल दुधाळ आहे की नाही हे पाहण्याचे काम सागराचे नाही. ते आपले आहे.