मैदान विश्वस्तांचे की वस्तीचे?

सायंकाळी शाळा सुटावी, शिपायाने वर्गांना कुलपे लावावीत आणि मागच्या अंगणातील बास्केटबॉलच्या मैदानावर वस्तीतील मुलांनी जमावे, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक शहरांना एके काळी परिचयाचे होते. त्या मुलांत त्याच शाळेचे विद्यार्थी असत, शेजारच्या नगरपालिकेच्या शाळेतील असत आणि शाळा सोडून गॅरेजमध्ये हात काळे करणारेही असत. स्थानिक क्लबचा एखादा जुना खेळाडू, दिवसभर बँकेत किंवा पोस्टात कारकुनी करून आलेला, शिट्टी घेऊन उभा राही. त्याला मानधन नसे आणि त्याची अपेक्षाही नसे. संस्थेचे साहाय्य एवढेच की फाटक उघडे राही, दोन-चार दिवे जळत आणि रिंगची फाटलेली जाळी वर्षाकाठी बदलली जाई. या तुटपुंज्या आधारावर शहरोशहरीचा बास्केटबॉल उभा राहिला. आज तोच आधार एकेका संस्थेकडून काढून घेतला जात आहे.

काढून घेण्याची रीतही आता ठरून गेली आहे. क्लबला ‘चालते व्हा’ असे कोणी तोंडावर म्हणत नाही. प्रथम परीक्षांचे निमित्त होऊन मैदान महिनाभर बंद राहते. उघडते तेव्हा दोन तासांचा एक तास झालेला असतो. पुढच्या वर्षी ‘देखभाल शुल्क’ नावाची रक्कम मागितली जाते. क्लबने वर्गणी काढून ती भरली तर त्यानंतरच्या वर्षी ती दुप्पट होते. मग कोणालातरी शोध लागतो की क्लबशी लेखी करार कधी झालाच नव्हता. शेवटी त्याच मैदानावर रंगीत फलक झळकतो आणि दरमहा भरभक्कम फी घेणारी एक ‘अकादमी’ तेथे अवतरते. मैदान तेच, रिंग तीच, सायंकाळची वेळही तीच. बदलतात ती फक्त मुले.

ही बाब क्षुल्लक मानणाऱ्यांनी या खेळाचे अर्थशास्त्र ध्यानात घ्यावे. क्रिकेट गल्लीत खेळता येते. कबड्डीला मातीचा तुकडा पुरतो. बास्केटबॉलचे तसे नाही. त्याला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असा सपाट, कठीण पृष्ठभाग लागतो आणि जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर रिंग पेलणारे भक्कम खांब लागतात. म्हणजे ४२० चौरस मीटर, एका एकराचा जेमतेम दहावा हिस्सा. तेवढी मोकळी जागा शहरातील कोणत्या चाळीकडे वा झोपडपट्टीकडे आहे? ती आहे शाळा-महाविद्यालयांकडे, काही जिमखान्यांकडे आणि थोड्या महापालिका मैदानांवर. साधनांची मालकी अशी मूठभरांच्या हाती असली म्हणजे फाटकाची किल्ली ही केवळ किल्ली राहत नाही. ती मक्तेदारी होते. क्रिकेटच्या क्लबला मैदान नाकारले तर तो दुसरीकडे जाईल. बास्केटबॉलच्या क्लबला नाकारले तर तो संपतो.

आणि या खेळाचा जन्मच मुळी एका शैक्षणिक संस्थेत झालेला आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हिवाळ्यात कोंडल्या गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ दिला. त्याने त्याचे हक्क राखून ठेवले नाहीत. वायएमसीएच्या जाळ्यातूनच तो देशोदेशी गेला आणि हिंदुस्थानातही आला.

मुंबईच्या नागपाड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तेथील कष्टकरी वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभारले. वाचनालय, दवाखाना, खेळ हे सर्व वस्तीच्या दाराशी आणून ठेवण्याची ती कल्पना होती. १९३६ साली याच मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली, याच नागपाड्यात, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देशभर ओळखली जाते ती हीच. वस्तीच्या घरात उच्च शिक्षणाची संस्था जन्माला आली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वस्तीने शिक्षणाला जागा दिली होती. त्याच नागपाड्याच्या दाटीवाटीने, मस्तान तलावाच्या परिसरातील मैदानांनी, पुढे पिढ्यानपिढ्या बास्केटबॉलपटू घडविले. भारताचे कर्णधारपद भूषविणारे आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसीर हे त्याच मोहल्ल्याचे. अशा वस्तीत खेळाडू कोणा अकादमीच्या माहितीपत्रकातून निर्माण होत नाहीत. थोरल्याने धाकट्याच्या हाती चेंडू द्यावा, या परंपरेतून ते घडतात.

आता प्रश्न मालकीचा. संस्थाचालक ‘आमचे मैदान’ हा शब्दप्रयोग सहजपणे करतात. तो तपासून पाहिला पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य जुन्या शिक्षणसंस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या आहेत. १९५० चा कायदा त्यांना लागू आहे. त्यांपैकी अनेकांना शासनाने जमीन नाममात्र भाड्याने किंवा सवलतीच्या दराने दिली. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. शिक्षण हा धर्मादाय हेतू मानून त्यांच्या उत्पन्नाला आयकरातून सूट दिली जाते. आणि शासन येण्यापूर्वी या संस्था कोणी उभ्या केल्या? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा शेतकऱ्याने धान्य दिले आणि लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या लहानमोठ्या संस्थांनाही व्यापाऱ्याने वर्गणी दिली आणि मजुराने श्रमदान केले. जमीन जनतेची, पैसा जनतेचा, करसवलतीचा भार जनतेवर. मालकी मात्र कार्यकारी मंडळाची, हा न्याय कोठला? विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. ठेवीदारालाच दाराबाहेर उभे करणाऱ्याला व्यवहारात निराळे नाव आहे.

हे परिवर्तन एका रात्रीत झालेले नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शिक्षण हा गुंतवणुकीचा धंदा होऊ शकतो, हे राज्यातील धनदांडग्यांच्या ध्यानी आले. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नफेखोरी निषिद्ध ठरविली खरी, पण संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक राखण्यास मुभा दिली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. या वाटचालीत संस्थेच्या आवारातील प्रत्येक चौरस मीटरकडे पाहण्याची दृष्टी पालटली. जेथे मुले घाम गाळतात तेथे नव्या अभ्यासक्रमाची इमारत दिसू लागली, वाहनतळ दिसू लागला, लग्नसमारंभाचा मांडव दिसू लागला. ज्या जागेतून भाडे येत नाही ती जागा ‘पडीक’, हे जमीनदाराचे तर्कशास्त्र विद्येच्या मंदिरात येऊन बसले.

संस्थाचालकांचा पहिला बचाव खर्चाचा असतो. हिशेबच करू. मैदानावर २०० वॅटचे आठ दिवे रोज तीन तास लावले तर वीज लागते ४.८ युनिट. युनिटला १५ रुपये असा चढा दर धरला तरी दिवसाचे ७२ रुपये होतात. महिन्याच्या २६ दिवसांचे १,८७२ रुपये. रखवालदाराचा पगार तर आवार सांभाळण्यासाठी एरवीही द्यावाच लागतो. मैदान बांधून झालेले आहे. सायंकाळी त्यावर तीस मुले खेळली म्हणून त्याच्या सीमांत खर्चात पडणारी भर नगण्य आहे. शाळेचा वापर दिवसाला सात तास, आठवड्याला सहा दिवस धरला तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी ४२ तास होतो. उरलेल्या १२६ तासांतून वस्ती मागते आहे अठरा. जे साधन रिकामे पडून आहे ते वापरू न देणे ही काटकसर नव्हे. ती नासाडी आहे. उलट, क्लबचा कार्यकर्ता जे विनामूल्य शिकवितो त्याची किंमत कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. संस्थेतील क्रीडाशिक्षकाचे पद रिक्त असते तेव्हा आंतरशालेय स्पर्धेत शाळेचा संघ कोणाच्या जिवावर उतरतो, हेही चालकांनी सांगावे.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा. बाहेरची माणसे आवारात आली तर मुलींच्या सुरक्षिततेचे काय, असे विचारले जाते. ही चिंता खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु तीच बाहेरची माणसे अकादमीची पावती घेऊन आली की सुरक्षित कशी होतात? ओळखपत्र, उपस्थितीची वही, जबाबदार प्रशिक्षक, मुलींसाठी स्वतंत्र वेळ, अपघाताचा विमा हे सर्व उपाय करता येण्याजोगे आहेत आणि क्लबवर ते बंधनकारक करावेत. कुलूप हा सुरक्षिततेचा उपाय नाही. ज्या मुलीला घराजवळचे मैदान बंद झाले, तिला दूरच्या क्रीडासंकुलात पाठविण्यास पालक तयार होत नाहीत; तिचा खेळ त्या दिवशीच थांबतो.

याउलट फाटक उघडे राहिले तर काय होते, हे वाराणसीने दाखविले आहे. तेथील उदय प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर खेळत दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या सिंह भगिनी भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. प्रशांती सिंह यांना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. एका घरातील चार मुली राष्ट्रीय संघात जाणे हा योगायोग म्हणता येईल. पण जवळ मैदान आणि शिकविणारा नसता तर हा योगायोगही घडला नसता.

मुंबईत २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकन व्यावसायिक लीगचे दोन सामने झाले. वरळीच्या बंदिस्त सभागृहात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ खेळले; दिव्यांचा झगमगाट झाला, वृत्तपत्रांची पाने भरली. त्या खेळाडूंच्या कौशल्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की ज्या देशाचा संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्कोला, आणि तोही इतर राष्ट्रांच्या बहिष्कारामुळे खेळू शकला, त्या देशाला प्रेक्षक हवे आहेत की खेळाडू? भांडवलदारी क्रीडाव्यवसायाला मुले हवी असतात ती बूट आणि बनियन विकत घेणारी म्हणून. मोहल्ल्यातील क्लब त्याच मुलाला संघातला पाचवा गडी मानतो.

क्लबांची बाजू मांडताना त्यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. कित्येक क्लबांनी हिशेब ठेवले नाहीत. काही स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक लावण्यापुरते उरले. मुलींना आणि दलित वस्तीतील मुलांना सर्वांनी सारख्याच मोकळेपणाने सामावून घेतले, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. करार लेखी करून घेण्याची दक्षता त्यांनी दाखविली नाही आणि ‘सर आपलेच आहेत’ या भरवशावर तीस-तीस वर्षे काढली. सर निवृत्त झाले, नवे व्यवस्थापक आले आणि भरवसा कोसळला. मेहेरबानीवर उभी असलेली व्यवस्था मेहेरबान बदलला की पडते. म्हणून मागणी करायची ती मेहेरबानीची नव्हे, हक्काची.

संस्थांची एक तक्रार मात्र न्याय्य आहे. वेतनेतर अनुदान पुरेसे आणि वेळेवर मिळत नाही, क्रीडाशिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि सरकार मात्र सर्व जबाबदाऱ्या शाळेवर ढकलून मोकळे होते. पण सरकारने थकविलेल्या रकमेची वसुली झोपडपट्टीतील मुलाच्या खेळातून करणे, हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. संस्था आणि क्लब यांनी मिळून सरकारच्या दारात उभे राहावयास हवे होते. संस्थेने सोपा मार्ग पत्करला आणि दुबळ्यावर दार लावले.

कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही सांगते की शाळेच्या वेळेनंतर पडून राहणाऱ्या सुविधा समाजाच्या उपयोगासाठी वापरता येतील. ‘येतील’ या एका शब्दात सारी पळवाट आहे. तेथे ‘द्याव्याच लागतील’ असे लिहिले गेले पाहिजे. शासनाकडून जमीन, अनुदान किंवा करसवलत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आठवड्याला किमान अठरा तास आपले क्रीडांगण नोंदणीकृत स्थानिक क्लबांना खुले ठेवावे. करार पाच वर्षांचा व लेखी असावा. शुल्क वीज आणि जाळीच्या प्रत्यक्ष खर्चापुरते असावे आणि तेही नगरपालिकेने भरावे. देखरेखीसाठी मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, क्लबचे प्रतिनिधी आणि पालक यांची समिती असावी. तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. मैदान खासगी अकादमीला भाड्याने देणाऱ्या संस्थेची करसवलत आणि जमिनीची सवलत तपासणीस पात्र ठरावी.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत. सार्वजनिक मालमत्ता सार्वजनिक उपयोगात राहावी एवढेच त्या म्हणतात. तरीही त्या आपोआप मान्य होणार नाहीत. प्रत्येक शहरातील क्लबांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील संस्थांच्या जमिनीचे दस्तऐवज माहितीच्या अधिकारात मागवावेत, सवलतीच्या अटी वाचाव्यात आणि त्या घेऊन जिल्हाधिकारी व धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे. समाजवादी कार्यकर्त्यांनी या कामाला हात लावण्यास संकोचू नये. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा सायंकाळच्या मैदानांवरच वाढल्या. खेळता खेळता जात आणि धर्म विसरणारी मुले ही या चळवळीची जुनी कमाई आहे. ज्या फाटकातून ती मुले आत येत असत ते बंद होत असताना चळवळीने स्वस्थ बसणे तिला शोभणारे नाही.