कोणते स्पिटफायर घ्यावे?

जबलपूरला मावसबहिणीकडे गेलो, तर घरात विमानावरून वाद चाललेला. तिचा मुलगा संगणकावर महायुद्धातली विमाने उडवतो. त्याच्याकडे स्पिटफायरचे मार्क ९ होते आणि आता पैसे मोजून मार्क १४ घ्यायचे होते. कारण एकच, ते जास्त वेगवान. आजोबा खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. चष्मा पुसत ते म्हणाले, "वेग राहू दे. गोळे किती आहेत, ते सांग."

मलाही चेव आला, मग आम्ही तिघे बसलोच.

स्पिटफायर म्हणजे एकच विमान नव्हे. १९३८ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलात आले आणि युद्ध संपेपर्यंत बदलत राहिले. मार्क १ चे नाक एकदम खाली दाबले की इंजिन गुदमरे, दोष कार्बुरेटरचा. जर्मन मेसरश्मिटला ही अडचण नव्हती, त्यामुळे ते सूर मारून निसटत. चांगल्या खेळात हेही दाखवतात आणि नवख्याला वाटते, संगणकच बिघडला!

मार्क ९ हा घाईचा मामला. जर्मनांच्या फोके-वुल्फ १९० ने मार्क ५ ला जेरीस आणले, तेव्हा १९४२ मध्ये मार्क ५ च्याच सांगाड्यात नवे मर्लिन इंजिन बसवले गेले. नीट आखलेले भावंड म्हणजे मार्क ८. त्याच्या पंखांत पेट्रोलच्या जादा टाक्या होत्या आणि शेपटीचे चाकही पोटात जाई. ब्रह्मदेशच्या आघाडीवर हेच आले. भारतीय हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रननेही ते उडवले.

"आपल्या लोकांनी?" मुलगा सरसावून बसला. त्याच्या खेळात फक्त युरोप आहे.

आता मार्क १४. मर्लिन २७ लिटरचे, तर याचे ग्रिफन इंजिन जवळजवळ ३७ लिटरचे. पंख्याला पाच पाती. वेग ताशी सुमारे ७२० किलोमीटर, म्हणजे मार्क ८ पेक्षा साठेक किलोमीटर जास्त. पण ग्रिफनचा पंखा उलट्या दिशेने फिरतो. मर्लिनचे विमान धावपट्टीवर डावीकडे ओढते, हे उजवीकडे. पायाला लागलेली सवयच दगा देते. मित्राकडे चौदा चालवताना आपण तीनदा गवतात का गेलो, ते मुलाला तेव्हा कळले. माझे मत विचाराल तर नवशिक्याने नऊवरच हात बसवावा.

"आणि गोळे?" आजोबांनी विषय सोडला नव्हता.

नऊ काय, चौदा काय, २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि प्रत्येकीला १२० गोळे. मिनिटाला सुमारे ६०० सुटतात.

"म्हणजे बारा सेकंद," आजोबा म्हणाले. "अरे, तू तर बटण दाबूनच ठेवतोस!" नातवाने घड्याळ लावून बारा सेकंद मोजले. खोली अगदी गप्प झाली होती. "एकेक गोळा तपासून पुढे जायचा रे," एवढेच ते पुटपुटले.

चौदा अजून घेतलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू झाला, तेव्हा आजोबा मागे खुर्ची टाकून बसले होते, हातात मनगटी घड्याळ.

"चार गेले," ते म्हणाले. "आठ उरले."