वासराचा वाटा

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशी. शास्त्रात हिलाच गोवत्स द्वादशी म्हटले आहे. दीपोत्सवाचा पहिला दिवा आज लागतो तो सवत्स धेनूपुढे. धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन त्याच्यामागून येतात. सायंकाळी अंगणात रांगोळी घालून सुवासिनी गाय-वासराच्या पायांवर पाणी घालतील, हळदकुंकू वाहतील, औक्षण करतील. ज्या घरांना अंगण उरलेले नाही तेथे पाटावर मांडलेल्या मातीच्या गाय-वासराची पूजा होईल. या व्रताचा एक नियम मात्र सणाच्या गडबडीत हल्ली विसरला जातो. आज गहू आणि मूग वर्ज्य असतात, हे पुष्कळांना आठवते. परंतु व्रतस्थ स्त्रीने आज गाईचे दूध, दही, ताक, तूप यांतले काहीही घ्यावयाचे नाही, हाही या दिवसाचा नियम आहे. आजचे दूध वासराचे. वर्षभर आपण ज्याच्या वाट्यात वाटेकरी होतो, त्याला एक दिवस तरी त्याचा वाटा पुरता मिळावा, असा त्या नियमाचा अर्थ आम्ही समजतो.

या नियमाची आज विशेष आठवण व्हावी याला कारण आहे. आहाराचा वाद सभासंमेलनांतून उठून आता आपल्या जेवणघरात येऊन बसला आहे. एकाच घरात आजी चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य करते, मुलगा रविवारी मासळीवाचून जेवत नाही, आणि नात सांगते की मी दूधही घेणार नाही, कारण त्यातही जनावराची पिळवणूक आहे. या शेवटच्या पंथाला व्हीगन असे नाव आहे. आजीला वाटते, दुधाला नावे ठेवणारी ही कोठली परदेशी बुद्धी? नातीला वाटते, अहिंसेचे नाव घेणाऱ्यांना गोठ्यातील दुःख दिसत कसे नाही? आणि मुलाला वाटते, या दोघींनी मला माझ्या ताटावर सुखाने जेवू द्यावे. तिघेही एकमेकांवर रुसून पानावरून उठतात. सणासुदीच्या दिवसांत तर हा कलह देवघरापर्यंत पोहोचतो. कारण पंचामृताच्या पाच द्रव्यांपैकी साखर वगळता दूध, दही, तूप आणि मध ही चारही प्राणिमात्रांकडूनच आलेली असतात.

अशा वेळी शास्त्राकडे धाव घेण्याची आपली रीत आहे. परंतु शास्त्राचा कौल एकमुखी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माचार्य युधिष्ठिराला अहिंसेची आणि मांसत्यागाची थोरवी विस्ताराने सांगतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात काही प्रसंगी मांसाची मोकळीक आहे, निषेधही आहे, आणि अखेरीस निवृत्तीचे फळ मोठे असा निर्वाळा आहे. त्याच महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा येते. आपल्या तपाच्या बळावर एका बगळीला दृष्टीनेच दग्ध करणाऱ्या कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे जावे लागते. तो व्याध स्वतः मांस खात नाही, स्वतः जीव मारीत नाही, वृद्ध मातापित्यांची सेवा करतो. आणि त्या तपस्व्याला विचारतो की, नांगराखाली किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यात आणि पाण्याच्या थेंबात किती जीव असतात, याचा हिशोब कोणी केला आहे काय? जगात अहिंसेची इच्छा धरावी, तिच्यासाठी झटावे. पण आपण पूर्ण अहिंसक झालो अशी ग्वाही कोणी देऊ नये, असे त्या उपदेशाचे सार आहे.

आपल्या प्रांताचा आचारही असाच अनेकपदरी आहे. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मांसाहार सोडतो आणि तो नियम जन्मभर पाळतो. कोकणात आणि गोव्यात सारस्वतांच्या घरी मासळी शिजते, आणि त्याच घरात सोमवार, एकादशी, श्रावण यांचे नियम कसोशीने पाळले जातात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. त्यांची मासळी ही चैन नसून पिढीजात उपजीविका आहे. कित्येक घरांत कुलदैवताचा नैवेद्य पुरणपोळीचा असतो, कित्येकांत आजही बोकडाचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २०२१ चे निष्कर्ष पाहिले, तर देशातील १५ ते ४९ वयोगटातील बहुसंख्य स्त्रीपुरुष कमीअधिक प्रमाणात मासळी किंवा मांस खाणारे आहेत. यांतील बहुतेकांच्या घरी देवघर आहे, निरांजन आहे, श्रद्धाही आहे. तेव्हा ताटावरून भक्तीचे माप घेता येत नाही.

पण म्हणून ताटाला काही विचारूच नये, असेही आम्ही म्हणणार नाही. नातीचा प्रश्न परदेशी आहे म्हणून झटकून टाकता येण्याजोगा नाही. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला, हे खरे. परंतु प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो आपल्याच माजघरात विचारला गेलेला आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीस, बैलाच्या कष्टाचे अन्न खावयाचे नाही, हा नियम आपल्या आजी-पणजींनी पाळला. नांगर न लागलेल्या जागेतील भाज्या, कंद, वरी यांवर त्या दिवस काढीत. आणि आजची वसुबारस तर उघड उघड दुधाचाच त्याग सांगते. जनावराच्या श्रमावर आणि त्याच्या पिलाच्या दुधावर आपला अनिर्बंध हक्क नाही, ही जाणीव या दोन व्रतांत जपलेली आहे. नात जे वर्षभर करू पाहते, ते तिच्या पणजीने वर्षातून दोन दिवस केले होते. दोघींमध्ये अंतर आहे ते दिवसांचे. दिशा एकच आहे.

दुधाची आजची स्थिती पाहिली की या प्रश्नाची धार अधिक जाणवते. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेनंतर भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. लक्षावधी अल्पभूधारकांच्या आणि भूमिहीनांच्या घरी दर दहा दिवसांनी दुधाचा पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. हे उपकार लहान नाहीत. परंतु २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९ कोटी २५ लक्ष भरला, त्यांपैकी गायी व कालवडी मिळून सुमारे १४ कोटी ५१ लक्ष होत्या. निसर्ग नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने जन्माला घालतो. मग माद्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी गोऱ्हे आणि बैल उरावेत, हे कशाने? नांगर आणि गाडी ट्रॅक्टरने ओढली, संकरित गोऱ्हा शेतात चालत नाही, आणि दूध न देणारे तोंड पोसण्याची ऐपत शेतकऱ्याला उरली नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला संरक्षण दिले, २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही दिले. म्हशीच्या रेडकाला मात्र तितके संरक्षण नाही. कायदा सुरी थांबवू शकतो. वैरण घालू शकत नाही. वासराला पहिल्या आठवड्यात आईपासून तोडले, गोऱ्ह्याला उपाशी ठेवले किंवा रस्त्यावर सोडले, तर तेथे सुरी नसली तरी हिंसा आहे. आणि ती हिंसा मांसाहारी शेजाऱ्याच्या खाती न पडता आपल्या सकाळच्या पेल्याच्या खाती पडते.

आपले देवघरही या हिशोबातून सुटलेले नाही. पूजेला बसताना जे रेशमी सोवळे आपण नेसतो, त्याचा धागा बहुधा कोशातील किडा उष्णतेने मारूनच काढलेला असतो. ज्याच्या तालावर हरिनामाचा गजर होतो त्या मृदंगाचे तोंड चामड्याने मढविलेले असते. हे सांगण्यात भाविकांना दुखविण्याचा हेतू नाही, सोवळे टाकावे किंवा मृदंग फोडावा असेही आमचे म्हणणे नाही. धर्मव्याधाने कौशिकाला जे शिकविले ते आपल्या घरात किती खरे आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. ज्याच्या अंगावर जीवहत्येचा एकही शिंतोडा नाही, असा गृहस्थ कोठे सापडणे कठीण आहे.

मांसाहार करणाऱ्या घरांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पूर्वी मांस हे सणाचे, पाहुण्याचे, नवसाचे अन्न होते. मारलेला जीव डोळ्यांपुढचा असे आणि म्हणूनच त्याची किंमत कळत असे. आज पिंजऱ्यात किंवा दाटीवाटीच्या शेडमध्ये वाढवलेली, पाच-सहा आठवड्यांत कापण्याजोगी केलेली कोंबडी रोजच्या पानात येते, आणि तिच्या आयुष्याकडे कोणी वळून पाहत नाही. श्रावण पाळावयाचा आणि तो लागण्याच्या आदल्या अमावास्येला, दिव्यांच्या पूजेच्या दिवशी, महिन्याचे उट्टे एका रात्रीत काढावयाचे, याला संयम म्हणता येणार नाही. जिभेला मर्यादा घालण्याची सवय लागावी म्हणून आपल्या पूर्वजांनी वार, तिथी आणि महिने नेमून दिले. आपला आहार परंपरेने आलेला आहे, एवढे म्हणून भागत नाही. परंपरेने त्याच्याबरोबर दिलेली मर्यादाही घेतली पाहिजे.

आणि नव्या पंथाच्या तरुणतरुणींनी महात्मा गांधींची एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडले. गाईम्हशींचे दूध काढताना होणारे क्रौर्य हे त्यामागील एक कारण होते. पुढे १९१८ च्या दुखण्यानंतर शरीर पार खचले असता कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि आपण व्रताचे अक्षर राखले तरी त्याचा आत्मा राखला नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात लपविली नाही. १९३१ साली लंडनमध्ये शाकाहारवाद्यांपुढे बोलताना त्यांनी या आहाराला नैतिक अधिष्ठान हवे असे सांगितले. पण दुसऱ्याच्या पानात डोकावण्याला त्यांनी कधी नीती मानले नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने ब-१२ जीवनसत्त्वाची सोय औषधरूपाने किंवा ते घातलेल्या अन्नातून केलीच पाहिजे. वाढत्या मुलांच्या आणि गर्भवतींच्या बाबतीत तर वैद्यकीय सल्ल्यावाचून असे धाडस करू नये. निष्ठा डोळस असली तरच टिकते. शिवाय चार म्हशींवर संसार चालविणाऱ्या माउलीला पापी म्हणण्याचा अधिकार शहरातील वातानुकूलित दुकानातून बदामाचे दूध आणणाऱ्याला नाही.

आमच्या दृष्टीने खरा धोका कोणा एकाच्या ताटात नाही. व्रत स्वतःसाठी घेतलेले असते. ते दुसऱ्यावर रोखले की त्याचे शस्त्र होते. मासळीचा वास येतो म्हणून कुटुंबाला घर नाकारणारे, उपवास करणाऱ्याची पंगतीत थट्टा करून त्याच्या पानात मुद्दाम निषिद्ध वाढणारे, आणि दूध पिणाऱ्या आईला मारेकरी ठरविणारे, हे तिघे भिन्न आहाराचे असले तरी एकाच विकाराचे रोगी आहेत. त्या विकाराचे नाव अहंकार. कौशिकाने बगळी जाळली ती मांस खाऊन नव्हे. तपाच्या ताठ्याने जाळली.

तेव्हा आज सायंकाळी गाय-वासराला ओवाळताना प्रत्येक घराने आपापल्या परीने एक नियम मनाशी धरावा. जेथे दूध घेतात तेथे वासराला त्याचा वाटा मिळतो अशा गोठ्याचे दूध घेण्याचा यत्न व्हावा, दोन पैसे अधिक पडले तरी. दूध वाया तर मुळीच जाऊ नये. ज्यांना शक्य असेल त्यांनी भाकड गाई आणि गोऱ्हे पोसणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा गोशाळेला वैरणीचे मोल द्यावे. सजवलेल्या गाईपुढे ठेवलेल्या नैवेद्याहून ते अधिक पोहोचेल. जेथे मांस शिजते तेथे त्याचे दिवस आणि प्रमाण दोन्ही आखून घ्यावे. घरातील मुलीने पंचामृत नाकारले तर तिच्या हातावर तुळशीदल आणि पाण्याचे तीर्थ ठेवावे; गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताच्या अर्पणासाठी जी द्रव्ये सांगितली आहेत, ती पान, फूल, फळ आणि पाणी एवढीच आहेत. आणि त्या मुलीने आजीसाठी दूध तापवून देण्यात कमीपणा मानू नये.

एका पंगतीत तीन प्रकारची पाने मांडली गेली तरी पंगत मोडत नाही. ती मोडते जेव्हा एक जण दुसऱ्याच्या पानाकडे पाहून नाक मुरडतो. आज गाईच्या कासेशी वासरू पोटभर लुचत असेल. त्याचे पोट भरेपर्यंत आपण एक दिवस थांबतो. हे थांबणे उद्याच्या धनपूजेआधी ठेवण्यात पूर्वजांचे मोठे शहाणपण आहे. कारण दुसऱ्याचा वाटा राखून जे उरते तेच आपले धन.

आमच्या सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची, आरोग्याची आणि परस्परांविषयीच्या आदराची जावो.